शकूच्या घरचं पाणी

आमच्या घरात अंतर दशम्यांवर मोजलं जायचं. बीड म्हणजे काहीच नाही, तिथं जाऊन माणूस जेवायला घरी. गेवराईला एक दशमी पुरायची, औरंगाबादला दोन लागायच्या, आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, शकूचं सासर म्हणजे टोपलंभर. माझी माय आदल्या दिवशी दुपारीच दूध बाजूला काढून ठेवायची, संध्याकाळी त्यात पीठ मळायची आणि चुलीपुढं बसून एकेक दशमी अशी भाजायची की दोन दिवस तिला काही होऊ नये. सोबत करडईच्या तेलात कालवलेली लसणाची चटणी आणि कांदे. भाजता भाजता ती मला एकच गोष्ट बजावायची, आणि दर वेळी नव्यानं सांगितल्यासारखी बजावायची. "मंदे, आता पानी पिऊ नको. उद्या आण्णा थांबत नसतेत."

आण्णा म्हणजे माझे वडील, आणि ते खरंच थांबत नसत. जीप एकदा रस्त्याला लागली की ती मुक्कामालाच उभी राहायची. मधे कुणाला मळमळो, कुणाची लघवी तुंबो, आण्णांना ऐकू जायचं नाही. इंजिनाचा आवाजही तसाच होता म्हणा. कनातीचे पट्टे फडफडायचे, मागचं फळकूट सारखं खडखडायचं, आणि त्यात मायेनं हळूच घातलेली हाक कुठल्या कुठं विरून जायची. माझं सगळं लहानपण मी त्या जीपमध्ये घसा कोरडा ठेवून काढलं आहे. अजूनही कुठं लांब जायचं ठरलं की आदल्या संध्याकाळपासून माझा हात तांब्याकडं जात नाही. सून हसते. म्हणते, आई, आता दर दहा मिनिटांवर हॉटेल आहे. असेल बाई, पण माझ्या घशाला ते कुणी सांगितलेलं नाही.

आमचं गाव पाटोद्याच्या अलीकडं. त्या पट्ट्यात तेव्हा स्वतःची गाडी असायची ती पुढाऱ्याकडं नाहीतर डॉक्टरकडं. आण्णा दोन्ही नव्हते. उन्हाळ्यातही पाणी टिकणारी एक विहीर, त्या विहिरीवरचं रान, आणि बीडच्या एका ठेकेदारानं वापरून वापरून खिळखिळी केलेली ही जीप, एवढा त्यांचा पसारा. थंडीत तिला हँडल मारावं लागायचं. ती खोकत, धूर ओकत सुरू झाली की गल्लीतल्या कोंबड्या माळवदावर, घराच्या मातीच्या छपरावर चढायच्या. पुढच्या बाजूला कॅनव्हासची पाण्याची पिशवी लटकवलेली असायची. ते पाणी आण्णांचं आणि जीपचं. इंजिन तापलं की आण्णांना बरोबर कळायचं. मग मात्र ते थांबायचे, झाकण उघडायचे, फडक्यानं हात वाचवत तिला पाणी पाजायचे आणि जरा वेळ तिच्याशेजारी उभे राहायचे. जीपची तहान त्यांना कळायची. मागं बसलेल्यांची कधी कळली नाही.

पारावर आण्णांची एकच बढाई असायची, ती म्हणजे एका दमात जाऊन आलो. कुणी म्हणालं की मी मेव्हण्याकडं गेलतो, दोन दिवस मुक्काम केला, तर आण्णा हसायचे. मुक्काम करायला काय, तो म्हाताराबी करतो, म्हणायचे. परवा घरात लग्नाच्या निमित्तानं सगळे जमले होते, तेव्हा आमच्या पोरांची तीच चढाओढ चालली होती. एकानं पुण्याहून तिरुपती एका दमात मारलं होतं, दुसऱ्यानं बीडहून गोवा. मधे फक्त डिझेलला थांबलो, असं छाती फुगवून सांगणं चाललं होतं. त्यांच्या बायका शेजारीच बसल्या होत्या, त्यांना कुणी काही विचारलं नाही. मी उठून आत गेले. पोरांना वाटलं मावशीला झोप आली. झोप कसली, डोकं उठलं होतं.

तर शकूला एवढ्या लांब दिली ती या जीपमुळं. आमच्याकडं लेक द्यायची ती बैलगाडीनं उजाडता निघालं तर दिवस मावळायच्या आत पोहोचता येईल अशा गावी. पाटोदा, शिरूर, फार तर गेवराई. शकूला तेलगावकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं, ऊस-कापूसवाले लोक होते. पण गेवराईच्या बैलबाजारात आण्णांची एका खानदेशी माणसाशी गाठ पडली. चाळीसगावच्या पुढचं गाव, काळी जमीन, एकुलता मुलगा. माय म्हणाली, एवढ्या लांब? डोंगर उतरून? आण्णा म्हणाले, ज्याला गाडी न्हाई त्याला लांब. बस्स, एवढ्या वाक्यावर शकू डोंगरापलीकडं गेली. दाजी माणूस सोन्यासारखा निघाला, यात वाद नाही. पण ते आण्णांचं नशीब. त्यांनी पाहिली होती ती फक्त जमीन आणि रस्ता.

आता यात एक गाठ होती आणि ती आण्णांनी स्वतःच मारून घेतली होती. लेक दिली की तिला मूल होईपर्यंत आई-बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. दान दिलं ते दिलं, त्याच्या दारात जाऊन परत तोंड लावायचं नाही. लेक शेजारच्या गावात असली तर ही रीत पाळणं काय अवघड आहे? गेलं, ओसरीवर टेकलं, लेकीचं तोंड पाहिलं, घरी येऊन जेवलं. पण जिथं जायला अर्धा दिवस लागतो तिथं मुक्काम नाही, जेवण नाही, पाण्याचा घोट नाही, म्हणजे त्याच दिवशी परत. शुक्र उगवायच्या आधी निघायचं, मांजरसुंब्याचा घाट, बीड, गेवराई, शहागडाला गोदावरी, औरंगाबाद, मग कन्नडचा घाट उतरून खाली खानदेशात. भर दुपारी शकूच्या दारात. घटकाभर बसायचं की पुन्हा तीच वाट उलटी. गावात लोक तोंडभरून म्हणायचे, बाप असावा तर असा, लेकीसाठी केवढी गाडी हाकतो. आण्णांना ते ऐकायला फार आवडायचं.

शकूला लेकरू झालं नाही. दुसऱ्या वर्षी नाही, चौथ्या वर्षी नाही. पुढंही झालं नाही, ते इथंच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच वाट पाहायला नको.

आण्णांचं जाणं मात्र चालूच राहिलं आणि पाणी न पिणंही. जाताना जीपमध्ये वानवळा भरलेला असायचा. ज्वारीचं पोतं, हरभऱ्याची डाळ, करडईच्या तेलाचा डबा, मिरच्या, कांदे. जे रानात पिकलं ते. द्यायला हात सैल होता, हे मला मान्य करावंच लागतं. शकूच्या दारात पोहोचलं की ते ओसरीवरच्या बाजेवर बसायचे. शकूची सासू आतून पाण्याचा तांब्या घेऊन यायची आणि आण्णा हात जोडायचे. ती बाई वाईट नव्हती. पण तांब्या परत नेताना ती दाराशी क्षणभर उभी राहायची आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची की व्याह्यांचं अजून पाणी सुटलं नाही. शेजारीण मान हलवायची. झालं, गावभर बातमी. मग शिव ओलांडली की ओढ्याजवळ एक चिंचेचं झाड होतं, तिथं आण्णा जीप सावलीला लावायचे आणि मायेची दशमी सोडायचे. आता तुमी बी खा, म्हणायचे. माझ्या तोंडात तो घास फिरायचा. अर्ध्या कोसावर शकूनं रांधून ठेवलेलं असायचं आणि आम्ही झाडाखाली शिळ्या दशम्या चावत बसायचो.

मी सोळा-सतरा वर्षांची असेन. त्या खेपेला माय तापानं पडली होती, म्हणून आण्णांबरोबर मी एकटीच गेले. शकूनं मला चुलीपाशी ओढलं. ती पूर्वी फार बडबडी होती, आता हळूहळू बोलायला लागली होती. म्हणाली, "मंदे, आण्णा येऊन उपाशी गेले ना, की साऱ्या गावाला माजी रिकामी कूस आठवती. एरवी इसरलेली आसत्येत. आण्णा येऊन आठवन करून देत्येत."

मी म्हटलं, सांग मग त्यांना. ती म्हणाली, सांगून ऐकणारे असते तर. आणि मग तिनं मला तिचा बेत सांगितला. बेत ऐकून मला तिचे पाय धरावेसे वाटले. इतक्या वर्षांत आम्हा कुणालाच हे सुचलं नव्हतं. आमच्या रानातली ज्वारी तिनं वेगळ्या गाडग्यात ठेवली होती आणि जात्यावर स्वतः दळली होती, सासरच्या पिठाचा कणसुद्धा मिसळू दिला नव्हता. बेसन आमच्या हरभऱ्याचं. तेल आमच्या करडईचं, मिरची आणि कांदा आमचा. पाणी आण्णांच्या पिशवीतलं प्यायचं. आणि जेवायचं शिवेबाहेर, त्याच चिंचेखाली. "आता मला सांग, यात माज्या घरचं काय ऱ्हायलं?"

आल्याआल्या ती आण्णांच्या पाया पडली होती, आता ती मागच्या दारानं निघून गेली. आण्णांनी विचारलं तर दाजी म्हणाले, रानात गेलीय. आण्णांना ते लागलं. बाप डोंगर उतरून येतो आणि ही रानात जाते. ते बाजेवर चुळबुळत राहिले, दोनदा उठले, दोनदा बसले, आणि शेवटी नेहमीपेक्षा लवकरच निघाले. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चिंच दिसायला लागली तशी मी पुढं वाकले.

शकू झाडाखाली टोपलं घेऊन उभी होती. पदर घामानं ओला झाला होता, रानातल्या पायवाटेनं भराभर चालत आली असणार. आण्णा उतरले. तिनं त्यांना सगळं सांगितलं, पीठ कुठलं, डाळ कुठली, तेल कुठलं. सांगताना तिचा आवाज एखाद्या पोरीनं पाढे म्हणावेत तसा येत होता. आण्णा ऐकत होते. मग त्यांनी पिशवीतलं पाणी घेऊन हात धुतले आणि मांडी घालून बसले. मी शकूकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष ताटावर होतं. दोन भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा. आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, घास तोंडाजवळ नेला, आणि थांबले.

"मीठ कुठलं गं?"

शकूला खोटं बोलता येत नव्हतं. मी तिच्या जागी असते तर बेधडक सांगितलं असतं की मंदीनं आणलंय. ती म्हणाली, दुकानातलं. कोण आणलं, आण्णांनी विचारलं. ह्यांनी, ती म्हणाली.

"मंग त्येंच्या घरचं झालं की."

घास त्यांनी ताटात परत ठेवला. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं म्हणतात ते हे. एवढे घाट, एवढ्या नद्या ओलांडून आलेला माणूस चिमूटभर मिठापाशी अडला. मीठ काही रानात पिकत नाही, ते सगळ्यांच्याच घरी दुकानातून येतं. आणि फोडणीतली हळद कुठली, पीठ भिजवलं ते पाणी कुठलं, हे तर त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मी तेवढं बोलायला तोंड उघडलं, पण शकूनं हात वर केला.

तिनं पिठलं झाडाच्या बुंध्याशी ओतलं. भाकरीत मीठ नव्हतं, आमच्याकडं भाकरीत मीठ घालतच नाहीत, तरी तिनं त्या सगळ्या भाकरी फडक्यात बांधल्या आणि माझ्या मांडीवर टाकल्या. मग आण्णांपुढं उभी राहिली.

"आण्णा, एवढ्या लांबून गाडी हाकीत येता आन् माज्या ताटापशी थांबता. आता येऊ नका. जेवनार आसाल तरच या. न्हाई तर न्हाई."

आणि गेली. पायवाटेनं तशीच, मागं न बघता. आण्णा म्हणाले, चल. जीप सुरू झाली.

कन्नडचा घाट चढताना इंजिन तापलं. वर पोहोचल्यावर आण्णा थांबले, झाकण उघडलं, पिशवीतलं सगळं पाणी जीपला पाजलं. वाफ निवेपर्यंत ते दरीकडं तोंड करून उभे होते. खाली सगळा खानदेश उन्हात पसरलेला. मग ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ते फडकं दे. मी दिलं. आण्णा कठड्यावर बसले आणि त्यांनी शकूच्या भाकरी खायला सुरुवात केली. नुसत्या. चटणी नाही, कांदा नाही, प्यायला पाणी नाही, ते जीपनं पिऊन टाकलेलं. एकेक तुकडा मोडत, सावकाश चावत त्यांनी सगळ्या भाकरी संपवल्या. मायेची दशमी त्या दिवशी सोडलीसुद्धा नाही. फडकं झटकून घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "शकीला सांगू नको."

मला इतका राग आला की मी अजून तो नीट सांगू शकत नाही. खायचंच होतं तर तिथं का नाही खाल्लं? ती समोर उभी होती, घामेजलेली, डोळे ताटाला लावून. तिच्यासमोर एक तुकडा गिळला असता तर त्या बाईचं आयुष्य हलकं झालं असतं. ते नाही जमलं, आणि डोंगर चढून आल्यावर, तिला दिसणार नाही अशा जागी, सगळं टोपलं फस्त. लोक म्हणतात, त्यांचं प्रेम होतं पण दाखवता येत नव्हतं. मी या वाक्याला कंटाळले आहे. ज्याला दाखवता येत नाही त्याच्या प्रेमाचा समोरच्याला उपयोग काय? गेवराईला आण्णांनी जीप चहाच्या टपरीशी उभी केली. जन्मात पहिल्यांदा. मला विचारलं, चहा पिती का. मी नाही म्हटलं. घसा सुकून लाकूड झाला होता तरी नाही म्हटलं. त्यांचीच लेक होते.

त्यानंतर आण्णा गेले नाहीत. पंचमीला शकूला आणायला मुऱ्हाळी गेला नाही, म्हणजे आण्णाच गेले नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला त्यांनी पाठवलं नाही. दिवाळीही तशीच गेली. माय रोज एकदा विचारायची, कावून जात न्हाई तुमी? आण्णा सकाळी उठून जीप पुसायचे, हँडल मारायचे, ती सुरू व्हायची, कोंबड्या माळवदावर चढायच्या, घटकाभर इंजिन घुरघुरायचं, मग आण्णा ते बंद करून आत यायचे. रोज. त्या आवाजानं मला वेड लागायची पाळी आली. पारावर कुणीतरी विचारलं, आण्णा, लेकीकडं गेला न्हाईत लई दिवसांत? तर म्हणाले, गाडीचं काम निघालंय. सुंभ जळाला तरी पीळ काही जळत नव्हता. मायेनं शेवटी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. भाकरी वाढायची आणि उठून जायची. घरात तीन माणसं असून चुलीवरचं आधणच काय ते बोलायचं.

संक्रांत झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी आण्णा पाटोद्याहून आले ते जीपमध्ये खडेमिठाचं पोतं टाकून. माय बोलायचं नाही हे विसरून म्हणाली, एवढं मीठ? लोनचं घालायचं का काय गावाचं? आण्णा म्हणाले, दशम्या कर.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्याबरोबर निघाले. पोतं माझ्या पायांशी होतं, सगळी वाट मी त्यावर पाय ठेवून बसले आणि तरी गेवराई मागं पडेपर्यंत माझ्या डोक्यात काही आलं नाही. मग शहागडच्या पुलावर एकदम उजेड पडला. मी आण्णांकडं पाहिलं. ते समोर बघत गाडी चालवत होते, चेहऱ्यावर काही नाही. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग संताप. या माणसानं इतके महिने घेतले आणि त्यातून काय काढलं, तर मीठ! रीत मोडायची नाही, चुकलो म्हणायचं नाही. सगळा घाट उतरून मिठाचं पोतं न्यायला तयार, पण 'शके, वाढ' एवढे दोन शब्द जड. घाट उतरायच्या आधी इंजिन तापलं तेव्हा त्यांनी पिशवीतलं सगळं पाणी ओतलं. शेवटचा थेंबसुद्धा. मी पाहत होते.

शकूच्या दारात आण्णांनी स्वतः पोतं पाठीवर घेतलं. ती ओसरीवर आली. मीठ कुणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात, म्हणून त्यांनी ते तिच्या पायांशी खाली ठेवलं. जसं काही भांडण व्हायचं अजून बाकीच होतं.

"ह्ये घे मीठ. आपल्या घरचं हाय," आण्णा म्हणाले. "आता कर पिठलं."

तिची सासू तांब्या घेऊन दारात आली होती ती तशीच उभी राहिली. शकूनं पोत्याचं तोंड उसवलं, ओंजळभर खडे पदरात घेतले आणि आत गेली. मी तिच्या मागं. चुलीवर पिठलं रटरटत ठेवून ती पाट्यावर मीठ वाटत होती आणि मी तिला सांगून टाकलं, आण्णांनी सांगू नको म्हटलं होतं तेच, की त्यांनी घाटाच्या वर बसून तिच्या भाकरी खाल्ल्या होत्या.

"किती?" तिनं विचारलं.

"सगळ्या. नुसत्या."

शकूचा हात थांबला. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. तिनं पिठल्यात एक चिमूट मीठ घातलं, ढवळलं, मग मुठीनं घातलं, आणि परत एक मूठ. मी तिचा हात धरला. म्हटलं, अगं बाई, खारट होईल. तिनं हात सोडवून घेतला. "होऊ दे. त्येंच्याच घरचं हाय."

आण्णा ओसरीवरून उठले आणि, मी हे पहिल्यांदा पाहिलं, उंबरा ओलांडून आत आले. चुलीपुढं पाटावर बसले. पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे ताणले गेले. आम्ही दोघी त्यांच्याकडं बघत होतो. खारट झालंय, असं म्हणायची सोय त्यांना उरली नव्हती. मीठ त्यांनीच आणलं होतं, पोतंभर, डोंगरावरून. ते जेवत राहिले. कपाळावर घाम आला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, एकदा ठसका लागला, तो त्यांनी दाबला. ताटात पिठल्याचा थेंब ठेवला नाही. मग त्यांनी दारातून बाहेर जीपकडं पाहिलं. पुढं लटकलेली पिशवी वाळून सुरकुतली होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जागची हलले नाही. दारात सासू उभी होती, तिच्यामागं शेजारीण येऊन ठेपली होती.

"शके," आण्णा म्हणाले, आवाज बसला होता. "पानी दे."

तांब्या शकूनं आधीच भरून मागं झाकून ठेवला होता. तिनं तो पुढं केला. आण्णांनी तो वरून धार न धरता थेट तोंडाला लावला आणि रिकामा करून परत पुढं केला. तिनं भरला. त्यांनी तोही रिकामा केला. मग शकूनं मला तांब्या दिला आणि मीही प्याले, घशापासून पोटापर्यंत गार होईस्तोवर, उद्याचा आणि वाटेचा विचार न करता. सासू आत आली आणि आण्णांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. ती मात्र सासरच्या पिठाची होती. आण्णांनी विचारलं नाही.

मुक्काम काही केला नाही, तेवढा ताठा राहिलाच. दिवस कलायच्या आत आम्ही निघालो. पण त्या परतीच्या वाटेवर जीप पहिल्यांदा चाळीसगावच्या अलीकडं थांबली, मग घाटाखाली, मग कन्नडला, मग मोजणं सोडून द्यावं इतक्या ठिकाणी. आणि दर वेळी घाईघाईनं आधी उतरले ते आण्णाच.